फिशफाइंडर-चार्टप्लॉटर घेताना: आधी ट्रान्सड्यूसर, मग नकाशा, पडदा सगळ्यात शेवटी

‘सात इंची घेऊ की नऊ इंची?’ ओळखीत कुणी नवी बोट पाण्यात उतरवली की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. विचारणं असतं ते फिशफाइंडर-चार्टप्लॉटरच्या पडद्याबद्दल: पाण्यात आवाज सोडून परत आलेल्या आवाजावरून (सोनार) खोली आणि मासे दाखवणारं आणि जीपीएसवर समुद्राचा नकाशा दाखवणारं एकत्र यंत्र. दोन महिन्यांनी त्याच माणसाचा फोन येतो तेव्हा तक्रार वेगळी असते. बोट जरा पळवली की खोलीचा आकडा गायब होतो. नाहीतर नकाशात अमेरिकेतली तळी बारकाव्यानिशी आहेत आणि मुंबईच्या जागी नुसती किनाऱ्याची रेघ. नाहीतर पडद्यावर मासेच मासे, पण गळाला दिवसभर काही नाही. यातली एकही तक्रार पडद्याच्या इंचांमुळे आलेली नसते. खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो.

खालचा क्रम साधारण १८ ते २६ फुटी, ओबीएमवर (मागे बाहेर लावलेल्या इंजिनावर) चालणाऱ्या बोटीतून हौसेने मासेमारी करणाऱ्यांसाठी आहे. ट्रॉलरचं गणित वेगळं, ते इथे घेत नाही.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा

१. नेहमी कुठे जाता आणि तिथे भरतीला जास्तीत जास्त किती पाणी असतं.
२. बोटीचा तळ कशाचा आहे: भरीव फायबर, मध्ये फोम घातलेलं फायबर, लाकूड की ॲल्युमिनियम.
३. मशीन (इंजिन) एक की दोन, आणि पंखा (प्रोपेलर) कोणत्या दिशेने फिरतो.
४. बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे, आणि मशीन सुरू करायला तीच वापरता का.
५. कन्सोलवर सपाट जागा किती आहे. सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि मागे प्लग-वायरी वळवायला किती जागा उरते तेही मोजा.

पहिल्या मुद्द्यावर जरा थांबा, कारण पैसे इथेच वाया जातात. मुंबईसमोरचा समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातसुद्धा पाणी साधारण ७५ मीटरच आहे. आपण मांडवा, खांदेरी, मढ, उत्तनच्या आसपास फिरणारी माणसं. बहुतेक वेळा पाच ते तीस मीटर पाण्यात असतो. हजार मीटर खोली दाखवणारं यंत्र आपल्या काय कामाचं? त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

सावधान: खोक्यावर ‘४००० वॅट’ लिहिलेलं असेल तर ते पीक-टू-पीक आहे का ते विचारा. खरी, म्हणजे आरएमएस शक्ती त्याच्या एक अष्टमांश असते. ४००० म्हणजे खरे ५००. आपल्या पाण्याला ३०० ते ५०० वॅट आरएमएस भरपूर झाले.

## टप्पा २: ट्रान्सड्यूसर ठरवा

ट्रान्सड्यूसर म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि परत आलेला ऐकणारा भाग. यंत्राचे डोळे म्हणा, कान म्हणा, ते पाण्यात असतात. वरचा पडदा फक्त खालून आलेलं दाखवतो. म्हणून मॉडेल निवडायच्या आधी ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसणार हे ठरलं पाहिजे.

फ्रिक्वेन्सी. जुना हिशोब सोपा आहे: २०० किलोहर्ट्झ उथळ पाण्यासाठी, तपशील जास्त; ५० किलोहर्ट्झ खोल पाण्यासाठी, तपशील कमी. आताच्या चर्प सोनारमध्ये एकाच आकड्याऐवजी फ्रिक्वेन्सीचा पट्टा वापरतात, त्यामुळे जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात आणि तळाला चिकटून असलेला मासा तळापासून सुटा दिसतो. आपल्यासाठी हाय किंवा मीडियम चर्प घ्या. तळाचं चित्रासारखं दृश्य देणाऱ्या ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झच्या डाऊन आणि साइड इमेजिंगचा खडक, बुडालेली बोट, खाडीचा काठ शोधायला चांगला उपयोग होतो. लाइव्ह सोनार, म्हणजे मासे हलताना त्याच क्षणी दाखवणारं, पहिल्या खरेदीत घेऊ नका. त्याच्या पैशात बाकी सगळं नीट बसवून होतं.

शंकूचा हिशोब. आवाज खाली शंकूसारखा पसरतो. २० अंशांचा शंकू असेल तर तळावर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे ८ मीटर पाण्यात तुम्ही जेमतेम पावणेतीन मीटर रुंदीचा तळ पाहत असता. जाहिरातीत दाखवतात तशा ठसठशीत कमानी उथळ पाण्यात क्वचितच उमटतात, कारण मासा शंकूत शिरतो न शिरतो तोच बाहेर पडतो. आपल्याकडे मासा म्हणजे बहुधा छोटी तिरकी रेघ. कमान दिसत नाही म्हणून यंत्र बदलणारे मी पाहिले आहेत.

बसवायची जागा. पर्याय तीन आहेत.

ट्रान्समवर, म्हणजे मागच्या पाटावर बाहेरून: छोट्या बोटीला हाच पहिला पर्याय. एक मशीन असेल तर पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर लांब बसवा, आणि पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात ती बाजू धरा. पंखा उजवा असेल, म्हणजे मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर ती उजवी बाजू. तळाच्या उभ्या पट्ट्या, रिव्हेट, पाणी ओढायचं भोक यांच्या सरळ मागे बसवू नका. तिथून बुडबुडे येतात आणि बुडबुड्यांतून आवाज पुढे जात नाही. ट्रान्सड्यूसरचा तळ बोटीच्या तळापेक्षा किंचित खाली हवा: फायबरला सुमारे ३ मिलिमीटर, ॲल्युमिनियमला सुमारे १०.

तळाला भोक पाडून: चित्र उत्तम येतं, पण काम यार्डात, अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

तळाला आतून चिकटवून: भोक नाही, बाहेर काही आदळायची भीती नाही, म्हणून लोकांना हा पर्याय आवडतो. पण तो फक्त भरीव फायबरमधून चालतो. फोम, लाकूड किंवा धातूतून चालत नाही, आणि डाऊन-साइड इमेजिंग तर आतून मिळतच नाही.

माझ्या पहिल्या बोटीला बसवणाऱ्याने न विचारता आतून चिकटवून दिला होता. जेट्टीला उभे असताना पडद्यावर १.२ मीटर आलं, आम्ही सगळे खूश. खांदेरीच्या पुढे गेलो तरी १.२च. दोन रविवार मी सेन्सिटिव्हिटी (परतलेला आवाज किती बारीक टिपायचा ते) खालीवर करत बसलो. पुढे दुसऱ्या ट्रान्सड्यूसरसाठी तळाला भोक पाडलं तेव्हा ड्रिलबरोबर पांढऱ्या भुकटीनंतर पिवळट, मऊ भुसा बाहेर आला. दोन थरांच्या मध्ये फोम होता. तो १.२ आकडा समुद्राचा नव्हताच, ट्रान्सड्यूसरला स्वतःचाच घुमणारा आवाज ऐकू येत होता.

तपासा (चिकटवण्याआधी): बोट पाण्यात, निदान पाच-सहा मीटर खोलीवर न्या. आधी ट्रान्सड्यूसर बाहेर हाताने पाण्यात धरून खोली वाचा. मग पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, पिशवीत हवा न ठेवता, तळाला आतून घट्ट टेकवा आणि तळ थोडा ओला ठेवा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि आतल्या चित्राची धार बरी असेल तरच चिकटवा. इपॉक्सीत एकही बुडबुडा राहू देऊ नका.

सावधान: ट्रान्सड्यूसरची केबल लांब झाली म्हणून कापू नका. गुंडाळून बांधून ठेवा, आणि मशीनच्या वायरींपासून वेगळी न्या.

## टप्पा ३: नकाशा निवडा, आणि तो समोर उघडून पाहा

सर्वांत महाग चूक इथे होते. जीपीएस असलं म्हणजे चार्टप्लॉटर झाला, असा समज आहे. गार्मिनच्या स्ट्रायकर मालिकेचं उदाहरण घ्या: जीपीएस आहे, जागांच्या खुणा साठवता येतात, गेलेल्या वाटेने परत येता येतं, पण समुद्राचा नकाशा त्यात टाकता येत नाही. खाडीत दिवसाउजेडी गळ टाकणाऱ्याला तेवढं पुरेल. बंदराच्या पट्ट्यात फिरणाऱ्याला पुरणार नाही.

परदेशातून कुणाकडून मागवलेल्या यंत्रात बहुधा त्या देशाचा नकाशा भरलेला असतो. भारताच्या किनाऱ्याचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं, मग ते नॅव्हिऑनिक्सचं असो की सी-मॅपचं. त्या कार्डाची किंमत यंत्राच्या किमतीत धरूनच तुलना करा, आणि ते कार्ड नेमक्या त्याच मॉडेलवर चालतं ना हे लेखी घ्या.

तपासा (दुकानातच, कार्ड घालून):

- नकाशा मुंबई बंदरावर आणा आणि पूर्ण आत झूम करा. खोलीचे आकडे दाट दिसतात का? कुलाब्याच्या दक्षिणेला प्रॉन्ग्जचा खडक आणि दीपगृह, थळचा खडक, खांदेरी, बुचर बेट दिसतात का?
- शिवडी ते न्हावा-शेवा असा अटल सेतू दिसतो का? त्याचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. सेतू नसेल तर कार्ड त्याआधीचं आहे, आणि इतर बदलही त्यात नसणार.
- वरळीजवळ कोस्टल रोडचा पूल आहे का? क्लीव्हलँड बंदरातून ये-जा करणाऱ्यांना खांबांमधला १२० मीटरचा गाळा कुठला हे कळलं पाहिजे. तो रुंद गाळा वरळीच्या कोळी बांधवांनी आग्रह धरून मिळवलेला आहे.
- अपडेट किती काळ फुकट, आणि नंतर कसं?

सावधान: झूम बाहेर असताना अनेक नकाशे लहान खडक लपवतात. अनोळखी जागी जाण्याआधी ठरलेली वाट घरीच, आत झूम करून, टोकापासून टोकापर्यंत बोटाने फिरवून पाहा. यंत्र आपोआप आखून देतं त्या वाटेचंही हेच.

कोणत्याच नकाशात नसलेली एक गोष्ट म्हणजे डोल जाळी. वर्सोवा, मढ, गोराई, उत्तन, अर्नाळा या पट्ट्यात बोंबलासाठी समुद्रात खुंट रोवून डोल लावतात. दिवसा बोये दिसतात, संधिप्रकाशात दिसत नाहीत. पंख्यात जाळं अडकलं तर तुमचा दिवस जातो, पण ज्याचं जाळं फाटलं त्याचा हंगाम जातो. कोळीवाड्यात जाऊन तांडेलाला (मासेमारी बोटीच्या प्रमुखाला) आदराने विचारा. तो सांगेल तेवढा पट्टा नकाशावर लाल खुणांनी बंद करून घ्या. जाळ्यांच्या जागा हंगामागणिक बदलतात, म्हणून दर वर्षी नव्याने विचारा. नौदलाचा परिसर आणि बुचर बेटाचं तेल टर्मिनल यांच्यापासूनही लांबून जाणारी वाट आखा.

## टप्पा ४: खोलीचे दोन आकडे वेगळे ठेवायला शिका

यंत्र घ्यायच्या आधी हे कळलं नाही, तर कितीही चांगलं यंत्र बोट गाळात घालेल.

नकाशातली खोली ही जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीची असते. सोनारचा आकडा या क्षणाचा असतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. नकाशात १.५ लिहिलेल्या जागी, भरतीची उंची ४.४ असताना, सोनार ५.९ मीटर दाखवेल. तुम्ही नांगर टाकून घोळ-रावसाची वाट पाहत बसता. सहा तासांनी ओहोटीची उंची ०.५ झाली की त्याच जागी २ मीटर उरतात. आणि जिथे नकाशातला आकडा अधोरेखित आहे ती जागा ओहोटीला तेवढी उघडी पडते. आदल्या रात्री अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहा आणि दोन्ही उंच्या कागदावर लिहून कन्सोलला चिकटवा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जपून. नवशिक्याने पहिल्या फेऱ्या भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेल्या दिवसांत कराव्यात.

गाळाचाही विचार करा. बंदराच्या आणि खाड्यांच्या तळाशी मऊ चिखल आहे. वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज त्याच्या पृष्ठभागावरून परततो, खालच्या फ्रिक्वेन्सीचा आत शिरतो. दोन फ्रिक्वेन्सींना दोन खोल्या दिसल्या तर बोट सांभाळायला कमी असलेली धरा.

## टप्पा ५: आता पडदा

दोन दृश्यं शेजारी लावायची, एकीकडे नकाशा आणि दुसरीकडे सोनार, तर सात इंचांखाली जाऊ नका. कन्सोलवर जागा असेल तर नऊ इंच. त्यापुढे जाण्याआधी उभे पिक्सेल विचारा: २० मीटर पाणी ४८० पिक्सेलमध्ये दाखवलं तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर.

पडदा दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका, बाहेर उन्हात घेऊन चला. तुमचा पोलराइज्ड गॉगल लावून डोकं दोन्ही बाजूंना कलवा. काही पडदे विशिष्ट कोनात काळे पडतात. निदान झूम, खूण करणे आणि माणूस पाण्यात पडल्याची खूण एवढ्यासाठी तरी बटणं असावीत. माशाच्या चिकट हाताने, बोट आपटत असताना टचवर नेमकं बोट टेकवणं कठीण जातं.

## टप्पा ६: वीज

यंत्र २० वॅटचं असेल तर १२ व्होल्टला सुमारे १.७ अँपिअर, आठ तासांत जवळपास १४ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची, हे धरून हिशोब करा. जमलं तर यंत्राला वेगळी बॅटरी द्या. एकाच बॅटरीवर स्टार्टर मारला की व्होल्टेज खाली येतं आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होतं, नेमकं गर्दीतून निघताना. वायर कथील चढवलेली मरीन दर्जाची घ्या. फ्यूज पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच, आणि बॅटरीच्या अगदी जवळ. कंपासपासून यंत्र किती लांब हवं तेही पुस्तिकेत असतं.

सावधान: परदेशातून यंत्र मागवताना सोबत उपग्रहावरून संदेश पाठवणारं हातातलं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन मागवू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात बाळगता येत नाहीत, विमानतळावर त्यासाठी अटकही होते. व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो, तो रीतसर काढा आणि रेडिओ ठेवाच. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक कन्सोलवर लिहून ठेवा.

## टप्पा ७: पहिल्या फेरीत, याच क्रमाने

१. सिम्युलेटर बंद करा. दुकानातला डेमो चालू राहिला तर पडद्यावर खोटा समुद्र आणि खोटे मासे फिरत राहतात.

२. एकक मीटर करा. नवं यंत्र बऱ्याचदा फुटांवर असतं. कोळीवाड्यातून मिळालेली खोली वावात असेल. एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर.

३. जागेच्या आकड्यांची पद्धत ठरवा. मित्राने १८ अंश ५५.५०० मिनिटं दिलं आणि तुम्ही ते ५५ मिनिटं ५० सेकंद म्हणून भरलं, तर जागा सहाशे मीटरहून जास्त चुकते. खडकाजवळ सहाशे मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची पद्धत एकच हवी.

४. ऑफसेट भरा. यंत्र खोली ट्रान्सड्यूसरपासून मोजतं. पंख्याचं टोक त्याच्या किती खाली आहे ते मोजून वजा करायला लावा, म्हणजे आकडा पंख्याखालच्या पाण्याचा येईल.

५. खोली ताडून पाहा. दोरीला शिसं बांधा, दर मीटरला रंगीत धागा बांधा, बोट थांबवून तळाला टेकवा. ऑफसेट लक्षात घेऊन यंत्राचा आकडा जुळला पाहिजे. ही दोरी बोटीतच ठेवा.

६. फिश आयडी, म्हणजे पडद्यावर माशांची चित्रं काढणारी सोय, बंद करा. आपल्या गढूळ पाण्यात गाळाचे पुंजके, जेलीफिश, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पंख्याचे बुडबुडे या सगळ्यांवर यंत्र माशाचं चित्र चिकटवतं. कच्च्या रेषा वाचायला चार फेऱ्या लागतात, पण मग फसत नाही.

७. रेंज आणि सेन्सिटिव्हिटी हाताने. रेंज खोलीपेक्षा थोडी जास्त. सेन्सिटिव्हिटी ठिपक्यांचा पाऊस पडेपर्यंत वाढवा, मग तो जवळजवळ थांबेपर्यंत कमी करा. खडकाळ तळ जाड, ठळक आणि बऱ्याचदा दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटवणारा. चिखल बारीक आणि फिका. खडकाजवळचे तांबोशी, हेकरू हवे असतील तर या फरकाकडे डोळा ठेवा.

८. वेग वाढवत जा. ५, १०, १५ नॉट. आकडा कोणत्या वेगाला जातो ते लिहा. जात असेल तर ट्रान्सड्यूसर एका वेळी थोडाच खाली किंवा कोनात हलवा, आणि पुन्हा पाहा. दोन बदल एकदम करू नका.

९. खूण मागे लावायला शिका. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, बाकी सगळं मागे गेलेलं. ६ नॉटला बोट सेकंदाला तीन मीटर जाते. दहा सेकंदांपूर्वी दिसलेला थवा तीस मीटर मागे राहिला. सोनारच्या चित्रावर कर्सर नेऊन तिथेच खूण करा, म्हणजे यंत्र त्या वेळची जागा धरतं. एकत्र यंत्र घेण्याचा खरा फायदा हा आहे.

तपासा: खूण केल्यावर किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, उदाहरणार्थ दीपगृह आणि मागचा मनोरा, आणि वहीत लिहा. कोळी बांधव याच पद्धतीने जागा राखत आले आहेत. यंत्र बंद पडलं तरी ती रेषा तिथेच असते.

## टप्पा ८: पावसाळ्यात

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि तेव्हा छोट्या बोटीने बाहेर जाऊही नये. यंत्र काढून घरी आणा. पडदा गोड्या पाण्याने, मऊ कापडाने पुसा. रॉकेल किंवा काच पुसायचं औषध लावू नका. प्लगना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून टोपण घाला. ट्रान्सड्यूसरवर चिकटलेले बार्नेकल (शिंपल्यांसारखे कडक जीव) लाकडी पट्टीने काढा, लोखंडी पात्याने नाही. रंग लावायचाच तर ट्रान्सड्यूसरसाठीचा पाण्यावर आधारित रंग पातळ हाताने; बोटीच्या तळाचा रंग त्याच्यावर येऊ देऊ नका.

सॉफ्टवेअर आणि नकाशा याच दोन महिन्यांत अपडेट करा. पण त्याआधी सगळ्या खुणा वेगळ्या कार्डावर काढून घ्या, अपडेटमध्ये त्या पुसल्या जाऊ शकतात. महत्त्वाच्या वीस-पंचवीस खुणा वहीतही हाताने उतरवा, शेजारी त्या रेषा, आणि अंश-मिनिटांची पद्धत पहिल्या पानावर लिहून. हंगाम सुरू होताना वहीतली एक जवळची, ओळखीची खूण यंत्रात भरून तिथपर्यंत जाऊन या. रेषा जुळली की मग पुढची वाट धरा.